दिवा लागला, भीती पळाली!

संगणकावर दोन ओळी लिहाव्यात आणि टेबलावरचा इवलासा दिवा लुकलुकावा, याचे मुलांना केवढे अप्रूप! ब्रिटनमध्ये २०१२ साली आलेल्या ‘रास्पबेरी पाय’ या चिमुकल्या संगणकाने ही गंमत घरात आणली. त्याच्या पिनांना दिवा, बटण किंवा भोंगा जोडता येतो.

पण पूर्वी दिवा लागण्याआधीच मुले गोंधळत. पिना कोणत्या पद्धतीने मोजायच्या, पिन वीज देणार की संदेश घेणार, हे सारे आधी लिहावे लागे. ही अडचण ओळखून बेन नटॉल व डेव्ह जोन्स यांनी पायथन भाषेसाठी ‘जीपीआयओ झीरो’ हा तयार आज्ञांचा संच रचला. तो २०१५ साली आला. आता ‘एलईडी’ लिहून पिनेचा क्रमांक द्यायचा आणि ‘ऑन’ म्हणायचे. ‘ब्लिंक’ म्हटले की दिवा उघडझाप करतो.

तारा जोडताना मात्र सावध असावे. आज्ञेतली १७ क्रमांकाची पिन पाटीवर मोजली तर अकरावी येते. या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्टची तार लागली तर संगणक बिघडू शकतो. दिव्यासोबत रेझिस्टर हवाच.

आज्ञा चुकली तर खोडता येते, जळलेली पाटी नाही. म्हणून तार जोडताना वडीलधाऱ्यांनी शेजारी बसावे; आज्ञा मात्र मुलांनाच लिहू द्याव्यात.