क्लेम शून्य, धोका किती?

जोखीम आणि विमा : लेखांक ६

गेल्या लेखांकात कारखान्याची विमा रक्कम कशी ठरवायची, यंत्रांची आजची किंमत धरायची की हिशेबवहीतली, हे आपण पाहिले. रक्कम ठरली की प्रश्न येतो दराचा. पॉलिसी नूतनीकरणाला आली की विमा कंपनी आधी एक तक्ता मागते : मागच्या तीन ते पाच वर्षांतले दावे. कोणत्या तारखेला काय झाले, दावा कितीचा होता, मंजूर किती झाला, प्रलंबित किती आहे. कारखानदाराचे लक्ष मात्र एकाच आकड्यावर असते, तो म्हणजे क्लेम रेशो. भरलेल्या हप्त्याच्या मानाने घेतलेली भरपाई किरकोळ असली की तो ठणकावून विचारतो, “पाच वर्षांत आम्ही तुमच्याकडून फारसे काही घेतलेच नाही, मग हप्ता का वाढवता?” प्रश्न रास्त वाटतो. त्याचे उत्तर या तक्त्यातच आहे, पण ते शेवटच्या बेरजेत सापडत नाही.

तक्त्यातली तिसरी ओळ

समजण्यासाठी एक काल्पनिक कारखाना घेऊ. रंगद्रव्ये बनवतो, विमा रक्कम ८० कोटी, वार्षिक हप्ता १२ लाख. पाच वर्षांत तीन दावे. पावसाळ्यात गोदामात पाणी शिरून माल भिजला, २ लाख ४० हजार. पॅनेलमध्ये शॉर्टसर्किट होऊन केबल जळाल्या, १ लाख ८० हजार. ड्रायरजवळ लहानशी आग लागली, ८० हजार. भरपाई एकूण ५ लाख, हप्ता ६० लाख, क्लेम रेशो जेमतेम ८ टक्के. मालक खूश, ब्रोकरही खूश.

मुरलेला अंडररायटर मात्र सर्वांत लहान रकमेवर बोट ठेवतो. गोदामातले पाणी फार तर आणखी चार पोती भिजवते. ड्रायरची आग ८० हजारांत आटोपली, ती कशामुळे? स्प्रिंकलर वेळेवर सुरू झाले म्हणून, की दिवसपाळी होती आणि ऑपरेटर हाताच्या अंतरावर होता म्हणून? पहिले कारण असेल तर तो बचाव व्यवस्थेचा पुरावा आहे. दुसरे असेल तर रात्रपाळीला तीच ठिणगी शेजारच्या सॉल्व्हंटच्या ड्रमांपर्यंत पोहोचली असती. रक्कम सांगते की किती गेले. किती जाऊ शकले असते, ते कारण सांगते. म्हणून दाव्याच्या फाइलमधला सर्व्हेअरचा अहवाल तक्त्यापेक्षा मोलाचा असतो.

बेरजेत आणखी काही गोष्टी दडलेल्या असतात. पाच वर्षांपूर्वीचा लाख रुपयांचा दावा आजच्या किमतीने मांडला नाही तर जुने नुकसान स्वस्त दिसते. प्रलंबित दाव्याचा आकडा हा केवळ अंदाज असतो. उत्पादन बंद पडल्याच्या भरपाईचा हिशेब तर लागायलाच महिनोन् महिने जातात. शिवाय पॉलिसीत एक्सेस असतो, म्हणजे नुकसानीचा पहिला ठरावीक हिस्सा कारखान्यानेच सोसायचा. त्या रकमेखालच्या आगी, गळत्या, मोडतोड विमा कंपनीच्या नोंदीत येतच नाहीत. सवलत जाऊ नये म्हणून गिळलेले दावे निराळेच. आणि या पाच वर्षांत कारखान्याने नवे उत्पादन सुरू केले असेल किंवा क्षमता दुप्पट केली असेल, तर तक्ता जुन्या कारखान्याचा आणि पॉलिसी नव्या कारखान्याची, अशी गत होते.

पाच वर्षे का अपुरी

हे सगळे दुरुस्त करून घेतले तरी मूळ अडचण उरतेच. समजा, आपल्या कारखान्यात ४० कोटींचे नुकसान करणारी आग लागण्याची शक्यता वर्षाला २०० त १ आहे. मग सलग पाच वर्षे अशी आग न लागण्याची शक्यता ९७.५ टक्के होते. शेजारच्या प्लॉटवर चौपट धोकादायक कारखाना आहे, तिथे हीच शक्यता वर्षाला ५० त १. त्याचीही पाच वर्षे सुखरूप जाण्याची शक्यता ९० टक्के आहे. म्हणजे नूतनीकरणाच्या टेबलावर बहुतेक वेळा दोघांचेही तक्ते सारखेच निष्कलंक येणार. ४० कोटींची एक आग म्हणजे १२ लाखांच्या हिशेबाने ३३३ वर्षांचे हप्ते. तिच्याविषयी पाच वर्षांचा तक्ता जवळपास मुका असतो.

विमागणित्यांना हे शंभर वर्षांपूर्वीच उमगले होते. अमेरिकेत कामगार नुकसानभरपाई विम्याचे दर ठरवताना, एखाद्या कारखान्याच्या स्वतःच्या अनुभवावर कितपत भरवसा ठेवावा हा पेच उभा राहिला. अल्बर्ट मोब्रे यांनी १९१४ मध्ये त्याचे गणित मांडले. त्या पद्धतीने दाव्यांच्या संख्येला पूर्ण वजन द्यायचे, म्हणजे ५ टक्क्यांच्या आत चूक राहील अशी ९० टक्के खात्री हवी, तर १,०८२ दावे हाताशी लागतात. आपल्या कारखान्याकडे आहेत तीन. वर्गमुळाचा प्रचलित नियम लावला तर त्याच्या स्वतःच्या अनुभवाला सुमारे ५ टक्के वजन मिळते. उरलेले ९५ टक्के वजन त्याच्यासारख्या इतर कारखान्यांच्या अनुभवाला जाते. “आमचा क्लेम नाही, मग हप्ता का वाढवता?” या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. तुमचा दर मुख्यतः तुमच्या वर्गाचा असतो.

वर्गाची नोंद कोण ठेवते

भारतात हे काम दीर्घकाळ टॅरिफ अॅडव्हायझरी कमिटीकडे होते. कापड गिरणी, रसायन कारखाना, गोदाम अशा उद्योगवर्गांनुसार आगीच्या विम्याचे दर ती ठरवून देत असे आणि सर्व कंपन्यांना ते बंधनकारक असत. १ जानेवारी २००७ पासून दर खुले झाले. मग मोठे ग्राहक मिळवण्यासाठी कंपन्यांनी इतकी सूट दिली की दराचा अनुभवाशी संबंधच सुटत चालला. पुढे २००९ मध्ये इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरो स्थापन झाला. तो देशभरच्या कंपन्यांकडून पॉलिसी आणि दाव्यांची माहिती गोळा करतो आणि विमा रकमेच्या मानाने प्रत्येक वर्गात किती जळते, याचा दर काढतो. २०१९ मध्ये जीआयसी री या सरकारी पुनर्विमा कंपनीने भूमिका घेतली की ठरावीक वर्गांत या दराखाली उतरवलेल्या विम्याला आपला आधार मिळणार नाही. अनेक कारखान्यांचे हप्ते तेव्हा एकदम वाढले. दावा शेजाऱ्याचा आणि भुर्दंड मला, अशी तक्रार झाली. पण वर्गाच्या अनुभवाखेरीज दुसरा आधार हाताशी नव्हता.

वर्गाच्या सरासरीतही अन्याय असतोच. १८३५ मध्ये ऱ्होड आयलंडमधले गिरणीमालक झकारिया अॅलन यांनी आपल्या गिरणीत आगीपासून बचावाचे उपाय केले आणि हप्त्यात सूट मागितली. विमा कंपनीने नकार दिला, कारण सर्व गिरण्यांना एकच दर होता. अॅलन यांनी समविचारी गिरणीमालकांना घेऊन आपलीच परस्पर विमा कंपनी काढली. सुरक्षित गिरण्याच घ्यायच्या आणि त्यांची तपासणी करत राहायचे, हे तिचे सूत्र. त्यांनी नोंदीला पाहणीची जोड दिली. आज मोठ्या पॉलिसीपूर्वी विमा कंपनीचा अभियंता कारखाना फिरून पाहतो, त्यामागे हाच विचार आहे.

लहान अपघातांवरून मोठा कळतो का?

ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिक यांनी १९३१ मध्ये, दाव्यांच्या नोंदींच्या आधारे, एक प्रमाण मांडले : एका गंभीर इजेमागे २९ किरकोळ इजा आणि इजा न झालेले ३०० अपघात. हा त्रिकोण आजही कित्येक कारखान्यांच्या भिंतींवर दिसतो. त्यातून एक सोयीचा निष्कर्ष काढला गेला : किरकोळ इजा कमी करा, मोठा अपघात आपोआप टळेल.

टेक्सास सिटीच्या बीपी रिफायनरीने हा निष्कर्ष खोटा ठरवला. २३ मार्च २००५ रोजी तिथल्या एका युनिटमध्ये मनोरा प्रमाणाबाहेर भरला, ब्लोडाउन यंत्रणेच्या उघड्या धुराड्यासारख्या स्टॅकमधून ज्वलनशील द्रव उसळून बाहेर पडला आणि स्फोट झाला. १५ जण ठार, १८० जखमी. मृत सर्व कंत्राटी कामगार होते आणि जवळच उभ्या केलेल्या ट्रेलरमध्ये किंवा त्यांच्या आसपास होते. त्याआधीच्या वर्षी, २००४ मध्ये, या रिफायनरीतला कामगारांच्या इजांचा दर तिच्या इतिहासात सर्वांत कमी होता. पाय घसरणे, बोट चिरणे कमी झाले होते. मनोरा भरून वाहण्याशी त्याचा काहीच संबंध नव्हता.

ज्या नोंदीचा संबंध होता, ती मात्र रिफायनरीतच होती. १९९४ ते २००४ या काळात त्याच ब्लोडाउन यंत्रणेशी निगडित ८ गंभीर घटना घडल्या होत्या आणि बहुतेकींत ज्वलनशील वाफ जमिनीलगत पसरली होती. कोणी मेले नाही म्हणून त्यांची किंमत शून्य धरली गेली. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जानेवारी २००७ मध्ये नेमके हेच दाखवून दिले : कंपनीने वैयक्तिक इजांच्या आकड्यांना प्रक्रियेच्या सुरक्षिततेचे माप मानले.

इतरांच्या नुकसानीची नोंद

स्वतःच्या कारखान्यात न घडलेल्या घटना इतरत्र घडून गेलेल्या असतात. ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे इंग्लंडमधल्या बन्सफिल्ड साठवण केंद्रात ९१२ क्रमांकाच्या टाकीत पेट्रोल भरत होते. पातळी दाखवणारा काटा अडकला होता, भरणे थांबवणारा स्वतंत्र स्विच चालला नाही. टाकी भरून वाहिली, वारा जवळजवळ नव्हता, वाफेचा ढग जमिनीलगत पसरला आणि पेटला. रविवारची पहाट असल्याने कोणी दगावले नाही, पण एकूण झळ एक अब्ज पौंडांच्या घरात गेली. तपास अहवाल आणि शिफारशी जगापुढे खुल्या झाल्या.

चार वर्षांनी, २३ ऑक्टोबर २००९ रोजी पोर्तो रिकोतल्या बायामोन इथे पुन्हा टाकी भरून वाहिली आणि स्फोट झाला. त्यानंतर सहाच दिवसांनी, २९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, जयपूरजवळ सीतापुऱ्यातल्या इंडियन ऑइलच्या डेपोत पेट्रोल पाठवण्यासाठी व्हॉल्व्ह जोडताना गळती झाली. ती तासाभराहून अधिक काळ थांबवता आली नाही. पुन्हा तोच मंद वारा, तोच वाफेचा ढग. ११ जणांचा मृत्यू झाला आणि आग अनेक दिवस जळत राहिली. पेट्रोलच्या डेपोत असा ढग तयार होऊन इतका मोठा स्फोट होऊ शकतो, हे बन्सफिल्डने दाखवून चार वर्षे झाली होती.

आपल्याकडे डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ असे दोन भीषण स्फोट झाले. दोन्ही वेळा शेजारच्या कारखान्यांचे आणि घरांचेही नुकसान झाले. त्या वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याचा स्वतःचा तक्ता कोरा असेलही. त्याची जोखीम मात्र भिंतीपलीकडे काय साठवले आहे, यावरही ठरते.

म्हणून कारखानदारांना सांगणे आहे. नूतनीकरणाच्या वेळी विमा कंपनीच्या तक्त्यासोबत आपला तक्ता ठेवा. त्यात एक्सेसखालचे प्रत्येक नुकसान, दाबलेला प्रत्येक अलार्म, थोडक्यात वाचलेली प्रत्येक घटना लिहा. प्रत्येकीपुढे दोन गोष्टी नोंदवा : ती कशाने थांबली, आणि थांबली नसती तर कुठवर गेली असती. आपल्या वर्गातल्या मोठ्या अपघातांचे तपास अहवाल मागवा आणि तीच साखळी आपल्याकडे कुठे तुटेल, ते पाळीच्या इंजिनिअरला विचारा. हा तक्ता लपवण्यासाठी नसतो. अंडररायटरशी दराची घासाघीस करताना तोच तुमचा खरा पुरावा असतो. पाच वर्षे क्लेम नाही, हे वाक्य प्रस्तावात जरूर लिहा. फक्त त्याला सुरक्षिततेचे प्रमाणपत्र समजू नका.