बावीस अक्षरं, चाली अगणित

गाजलेलं गाणं दुसऱ्या कुणी गायलं की आपण लगेच विचारतो, मूळ गाण्याची सर आली का? हाच प्रश्न तुकोबांच्या ‘सुंदर ते ध्यान’ला विचारून बघा. पाथरीत वारकरी भजनाला बसा. सुरुवातीलाच विठ्ठलाच्या रूपाचा अभंग येतो आणि तो अनेकदा हाच असतो. एकजण चरण म्हणतो, टाळकरी तो उचलतात, मृदंगासोबत लय चढत जाते. आता श्रीनिवास खळ्यांनी बांधलेला, लता मंगेशकरांनी गायलेला तोच अभंग ऐका. शब्द तेच, चाल निराळी. यातलं मूळ कोणतं?

तुकोबा सतराव्या शतकातले, एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. म्हणजे ताडून बघायला मूळ तबकडी नाहीच! तरी कुठल्याही चालीत अभंग विस्कटत नाही. हे जमतं कसं?

सगळी जादू अक्षरांच्या मोजणीत आहे. मोठ्या अभंगाचे चरण चार. अक्षरं सहा, सहा, सहा आणि चार. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं. पाथरीवर एक जुळवूनच बघू:

पाथरी गावात । पहाट उगवे ।
टाळांना जागवे । हळूहळू ॥

मोजा बोटांवर. बोलताना ‘गावात’मधला ‘त’ आपण अर्धा गिळतो, अभंगात मात्र तो पुरा उमलतो. आणि खरी कमाल पुढे आहे. कुठलं अक्षर ऱ्हस्व, कुठलं दीर्घ, याचं बंधनच नाही! लुगड्याची लांबी ठरलेली, नेसायची तऱ्हा जिची तिची, तसं हे.

याउलट समर्थांचे मनाचे श्लोक. वृत्त भुजंगप्रयात. ओळीत बारा अक्षरं, लघु-गुरु-गुरु असं चारदा. प्रत्येक अक्षराची जागा पक्की, म्हणून घरोघरी त्यांची लय जवळपास एकच. वृत्तानं लयसुद्धा बांधून टाकली. अभंगानं अक्षरं बांधली आणि सूर मोकळे सोडले.

याचं उदाहरण म्हणजे पाथरीच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाई. त्यांचे अभंग नामदेवांच्या काळापासून ज्या गळ्यात गेले, त्या गळ्याची चाल ल्यायले.

म्हणून अभंगाच्या दोन चाली ऐकताना अस्सल कोण, नक्कल कोण हे शोधूच नये. कुणी कुठलं अक्षर लांबवलं, कुठे श्वास घेतला, तिकडे कान द्यावा. वरचीच ओळ घ्या. आधी टाळीवर, भजनी ठेक्यात म्हणा. मग भूपाळीसारखी संथ आळवा. बावीसच्या बावीस अक्षरं दोन्हीकडे चपखल बसतील, आणि पहाट मात्र दोन्ही वेळा वेगळी उगवेल!