तिचं ऑपरेशन झालंय!

'तिचं ऑपरेशन झालंय' असे आपल्या जिल्ह्यात कोणी म्हटले, की ऐकणाऱ्याला पुढचे काही विचारावे लागत नाही. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण अकोले-संगमनेरपासून कर्जत-जामखेडपर्यंत या वाक्याचा अर्थ बदललेला नाही. ऑपरेशन म्हणजे कुटुंबनियोजनाचे. बाईच्या पोटावर दुसरे कसले ऑपरेशन होऊ शकते, हे जणू भाषेलाच ठाऊक नाही.

होते मात्र खरे. आतड्याचा क्षय, टायफॉइडने आतड्याला पडलेले छिद्र, आतड्याला बसलेला पीळ, गाठ, आणि हल्ली ज्यांची नावे अधिक कानावर येतात ते क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे विकार. यांत आतड्याचा तुकडा काढावा लागतो. कधी आतड्याचे तोंड पोटावर आणून तिथे पिशवी लावतात. रुग्ण पंचविशीची असते, लग्न होऊन चार वर्षे झालेली असतात, पदरात एक मूल असते. घरी जाताना हातात मिळणाऱ्या कार्डावर पथ्य असते, टाके काढायची तारीख असते, जड उचलू नये अशी सूचना असते. पाळी कधी येईल, चालू असलेली गोळी पुढे घ्यावी की नाही, याला सहसा ओळच नसते.

मी बँकेत उभी हयात फॉर्म तपासण्यात घालवली. ज्या गोष्टीला रकाना नाही, ती कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही, एवढे शहाणपण त्यातून नक्की आले. डॉक्टर बहुधा पुरुष, सोबत सासरे नाहीतर दीर, आणि विषय पाळीचा. मग बाई गप्प बसते.

आधी पाळीचेच पाहू. मोठे ऑपरेशन, रक्तस्राव, घटलेले वजन, उपासमार यांनी शरीर हबकते आणि पाळीचा हुकूम देणारा मेंदूतला भाग काही काळ थांबतो. त्यामुळे एखाद-दोन महिने पाळी चुकणे किंवा पुढेमागे होणे नवलाचे नाही. पण 'पाळीच नाही, तर दिवस कसे राहतील?' हा हिशेब चुकीचा आहे. स्त्रीबीज आधी सुटते, पाळी त्यानंतर दोनेक आठवड्यांनी येते. म्हणजे पहिली पाळी दिसायच्या आतच गर्भ राहू शकतो. पाळी लांबली, तर आधी तपासणी करून घ्यावी.

दुसरी गोष्ट अशी, की पाळीत गर्भाशय आकुंचन पावण्यासाठी जी द्रव्ये तयार होतात, ती आतड्यालाही ढवळतात. धडधाकट बाईलाही त्या दिवसांत जुलाब होतात. मोठे आतडे काढलेल्या बाईच्या पोटावरची पिशवी त्या दिवसांत लवकर भरू शकते. घाबरू नये, पण अंगातले पाणी आणि मीठ जाते हे ओळखून जलसंजीवनी हाताशी ठेवावी. शिवाय लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला असेल, आणि क्षयात नेमका तोच पुष्कळदा काढावा लागतो, तर बी-१२ हे जीवनसत्त्व शोषले जात नाही. त्यात पाळीला अंगावरून जास्त जात असेल, तर रक्त दोन्ही बाजूंनी कमी होते. थकव्याला 'ऑपरेशनचा अशक्तपणा' म्हणून वर्षभर सोडून देऊ नये.

आता गोळी. बँकेत धनादेश भरला म्हणजे पैसे जमा झाले असे नसते, तो वटावा लागतो. गोळीही गिळली म्हणजे लागू पडली असे नाही. ती लहान आतड्यात वटते. म्हणून फक्त मोठे आतडे काढले असेल आणि लहान आतडे बहुतांशी शाबूत असेल, तर गोळी साधारणतः नीट काम करते. लहान आतड्याचाच मोठा भाग गेला असेल, तर तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली, किंवा जोराचे जुलाब चोवीस तासांहून अधिक चालले, तर ती गोळी चुकली असे समजून चालावे.

आतड्याच्या क्षयात आणखी एक मेख आहे. क्षयावरच्या औषधांत रिफाम्पिसिन असते. लघवी नारिंगी होते ती त्यानेच. हे औषध यकृताला असे कामाला लावते, की गर्भनिरोधक गोळीतली संप्रेरके लवकर नष्ट होतात. बाई रोज न चुकता गोळी घेते आणि तरीही दिवस राहतात. दोष मात्र तिच्या विसरभोळेपणाला दिला जातो. क्षयाचा उपचार चालू असेपर्यंत आणि तो संपल्यावर चार आठवडे दुसरे साधन हवे. तांबीवर या औषधाचा परिणाम होत नाही. दर तीन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनवरही नाही, आणि ही दोन्ही साधने आतड्याच्या वाटेने जातच नाहीत. हे इंजेक्शन 'अंतरा' या नावाने २०१७ पासून सरकारी योजनेत मोफत मिळते. 'छाया' ही आठवड्याची गोळी संप्रेरकाची नव्हे, पण तीही तोंडावाटेच घ्यायची, म्हणून तिच्याबद्दलही डॉक्टरांना विचारलेले बरे.

इस्ट्रोजेन असलेल्या गोळीने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळलेल्या माणसात तो मुळातच असतो. म्हणून ठरवून करायच्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी चार आठवडे अशी गोळी बंद करून तेवढ्यापुरते दुसरे साधन देतात. तातडीचे ऑपरेशन असेल, तर निदान सर्जनला सांगायला हवे. एकाच पोटरीला सूज-दुखणे किंवा अचानक धाप लागणे ही लक्षणे दिसली, तर सकाळची वाट पाहू नये.

याच ओघात घरोघरचा एक प्रकार सांगतो. गौरी आल्या, मोहटादेवीचे नवरात्र आले, घरात वास्तुशांत निघाली, की दुकानातून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या जातात. चिठ्ठी नसते, चौकशीही नसते. आतड्याचे ऑपरेशन नुकतेच झालेल्या बाईने त्या परस्पर घेऊ नयेत. त्यांतही गुठळीचा धोका आहेच. देवीला चालत नाही म्हणून सुनेच्या जिवाशी खेळावे, असे कोणत्या देवीने सांगितले आहे?

हे बोलायचे कसे, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून अखेरपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले. नोकरी गेली, खटले झाले. १९५३ मध्ये ते गेले, तेव्हा गोळी अजून बाजारात यायची होती. पण स्त्रीच्या शरीराबद्दल स्वच्छ मराठीत बोलता येते, हे त्यांनी दाखवून ठेवले.

आपल्या जिल्ह्यात तर वाट आणखी जवळ आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, पुष्कळदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जे डॉक्टरसमोर ओठांवर येत नाही, ते ओट्यावर बसलेल्या ओळखीच्या बाईला सांगता येते, हे त्यांनी ओळखले होते. आज गावोगाव आशाताई आहेत. पण 'ऑपरेशन झालंय' या उत्तरावर त्यांनी वही मिटू नये. कसले ऑपरेशन, हे विचारावे.

आणि घरच्यांनी, विशेषतः नवऱ्याने, टाके काढायला जाल त्या दिवशी कार्डाच्या मागे चार प्रश्न लिहून न्यावेत. आतड्याचा कोणता भाग आणि किती काढला? पाळी किती दिवस लांबली तर दाखवायला यावे? आधीची गोळी चालेल, की तांबी अथवा इंजेक्शन बरे? पुढचे मूल कधी होऊ द्यावे? बाईला विचारायचा संकोच वाटत असेल, तर कागद तिच्याच हाताने पुढे सरकवू द्यावा. आणि डॉक्टर उत्तर देतील ते तिच्याकडे पाहून द्यावे, एवढा आग्रह धरावा.