कंबरेची गोळी आणि किडनीचा रुग्ण

कंबर धरली, मान आखडली, पायात गोळे आले की आपल्याकडे डॉक्टरांच्या आधी घरातला दवेचा डबा उघडतो. मिरकरवाडा-राजीवड्यात जाळी ओढणारे असोत की दिवसभर ओट्याशी उभ्या असणाऱ्या बायका, एकाला गुण आला की तीच गोळी शेजारी जाते. ज्या घरात किडनीचा रुग्ण आहे, तिथे मात्र ही देवघेव जिवावर बेतू शकते.

स्नायू सैल करणाऱ्या औषधांपैकी 'बॅक्लोफेन' हे नाव अशा घरांनी लक्षात ठेवावे, असे आम्हाला वाटते. मणक्याच्या आजारात ताठरलेले हातपाय सैल व्हावेत म्हणून ते देतात. न थांबणाऱ्या उचकीवरही देतात. औषध गुणकारी आहे, पण त्याचा ७० ते ८० टक्के भाग जसाच्या तसा लघवीवाटे बाहेर पडतो. किडनी मंदावली असेल तर तो रक्तात साचतो आणि मेंदूवर परिणाम करतो.

मग रुग्ण गुंगीत राहतो, अडखळत बोलतो, त्याचा तोल जातो, माणसे ओळखू येत नाहीत. ज्या आजोबांची नमाजची रकात कधी चुकली नाही, ते एकाएकी गोंधळतात. घरचे म्हणतात, वय झाले. दोन-तीन दिवसांपूर्वी सुरू झालेल्या गोळीकडे कुणाचे लक्ष जात नाही. पुढे झटके, बेशुद्धी, श्वास मंदावणे इथवर मजल जाते. वेळीच इस्पितळ गाठले तर डायलिसिसने हे औषध रक्तातून काढता येते.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात किडनीचा आजार असलेल्या सुमारे १६ हजार वृद्धांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. बॅक्लोफेन सुरू केल्यापासून महिनाभरात अशा गोंधळलेल्या अवस्थेत इस्पितळात दाखल झालेल्यांचे प्रमाण, दिवसाला २० मिलिग्रॅम किंवा जास्त घेणाऱ्यांत १.११ टक्के होते; त्याहून कमी घेणाऱ्यांत ०.४२ टक्के. किडनी जितकी कमजोर, तितका धोका जास्त.

टिझानिडिनही किडनी कमजोर असेल तर शरीरात जास्त वेळ राहते. रक्तदाब उतरतो, सुस्ती येते. शिवाय अंगदुखीच्या अनेक गोळ्यांत स्नायू सैल करणाऱ्या औषधासोबत डायक्लोफिनॅक किंवा असिक्लोफिनॅक असते. ते तर किडनीलाच इजा करू शकते. म्हणून पट्टीवरचे बारीक अक्षरातले नाव वाचावे. घरातल्या शिकणाऱ्या मुलांना हे काम जरूर सांगावे.

हाडांच्या डॉक्टरांकडे जातानाही क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत न्यावा आणि किडनीचा आजार आपणहून सांगावा. नवी गोळी सुरू झाल्यावर रुग्ण बदललेला दिसला तर सकाळची वाट न पाहता इस्पितळात न्यावे, पट्टीही दाखवावी. बरेच दिवस चाललेले बॅक्लोफेन मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नये, त्यानेही झटके येऊ शकतात. रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळा बदलायच्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि आपल्याला लागू पडलेली गोळी शेजाऱ्याला देण्यापूर्वी एवढे तरी विचारावे, "किडनी कशी आहे?"