पंचांनी शिट्टी वाजवली नाही, हासुद्धा निर्णयच!



खेळाच्या तासाला एक वाक्य हमखास ऐकू येतं, "सर, त्याला सोडलं, मग मला का नाही?" आपण "पुरे आता, खेळा" म्हणून पुढे जातो. पण या एका वाक्यात नियम, न्याय, सवलत आणि समानता असे चार मोठे विषय दडलेले आहेत. ते मुलांना समजावून द्यायचे तर नुसत्या उपदेशाने भागत नाही, खरं उदाहरण लागतं. आज असंच एक उदाहरण बघू या. ते आहे ऑस्ट्रेलियातलं, ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल या खेळातलं.

आधी खेळाची ओळख

हा खेळ आपल्या मुलांनी बहुधा पाहिलेला नसतो, पण त्याचं क्रिकेटशी जवळचं नातं आहे. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं शरीर आळसावू नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा, असं टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ मध्ये सुचवलं. १८५९ मध्ये मेलबर्नमध्ये या खेळाचे नियम पहिल्यांदा लिहून काढले गेले. आजही तो क्रिकेटच्याच लंबगोल मैदानांवर खेळला जातो. प्रत्येक संघाचे १८ म्हणजे एकूण ३६ खेळाडू एकाच वेळी मैदानात असतात. चेंडूही लंबगोल. तो लाथेने मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून साथीदाराकडे द्यायचा. नुसता हाताने फेकायला परवानगी नाही.

मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांमधून चेंडू लाथेने थेट पार केला तर गोल, म्हणजे ६ गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर फक्त १ गुण. त्यामुळे तीन-चार गुणांचं अंतर असेल तर शेवटच्या सेकंदापर्यंत कोण जिंकणार ते सांगता येत नाही. या खेळाची सगळ्यात मोठी स्पर्धा म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, थोडक्यात एएफएल.

त्या रात्री काय झालं?

एप्रिल २०२४. ठिकाण ॲडलेड ओव्हल. हो, तेच मैदान, जिथे डिसेंबर २०२० मध्ये आपला भारतीय संघ ३६ धावांत गारद झाला होता! यजमान ॲडलेड विरुद्ध एसेंडन असा सामना होता. शेवटच्या काही सेकंदांत एसेंडन ३ गुणांनी पुढे होतं आणि ॲडलेडचे खेळाडू गोलच्या दिशेने जिवाच्या आकांताने धडका मारत होते. त्या झटापटीत एसेंडनचा सॅम ड्रेपर चेंडूवर आडवा पडला आणि चेंडू त्याच्या अंगाखाली अडकला. ॲडलेडचे खेळाडू आणि प्रेक्षक शिट्टीची वाट बघत राहिले. शिट्टी वाजली नाही. सामना संपल्याचा भोंगा वाजला आणि एसेंडन ३ गुणांनी जिंकलं.

शिट्टी वाजली असती तर? ॲडलेडला फ्री किक मिळाली असती. भोंगा वाजल्यानंतरही ती मारता येते. गोल झाला असता तर ६ गुण मिळून ॲडलेड ३ गुणांनी जिंकलं असतं. गोल झालाच असता असं नाही, पण संधी तरी मिळाली असती. पुढे एएफएलने मान्य केलं की तिथे फ्री किक द्यायला हवी होती. पण निकाल बदलला नाही आणि विजयाचे गुण एसेंडनकडेच राहिले.

नियम नेमका काय सांगतो?

या नियमाला तिथे 'होल्डिंग द बॉल' म्हणतात, म्हणजे चेंडू दाबून धरणं. त्याचे तीन भाग समजून घ्या.

पहिला भाग : खेळाडूला चेंडू पुढे द्यायची पुरेशी संधी आधीच मिळाली होती आणि मग त्याला प्रतिस्पर्ध्याने पकडलं, तर त्याने चेंडू ताबडतोब आणि योग्य रीतीने सोडायलाच हवा. नाहीतर फ्री किक.

दुसरा भाग : चेंडू हातात येताक्षणीच पकडलं गेलं, तर त्याला वाजवी वेळ मिळतो. त्याने चेंडू सोडण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला पाहिजे.

तिसरा भाग : जो स्वतःहून चेंडूवर झेप घेऊन पडतो किंवा चेंडू अंगाखाली ओढून घेतो, त्याला 'संधीच मिळाली नाही' म्हणता येत नाही. त्याने चेंडू मोकळा केला नाही तर फ्री किक. ड्रेपरच्या बाबतीतला वाद या भागाबद्दल होता.

आता यातले शब्द पुन्हा वाचा. 'पुरेशी संधी', 'वाजवी वेळ', 'प्रामाणिक प्रयत्न'. हे शब्द मोजपट्टीने मोजता येत नाहीत. चेंडू रेषेबाहेर गेला की नाही, हे डोळ्यांनी दिसतं. पण प्रयत्न प्रामाणिक होता का, हे पंचाला क्षणार्धात ठरवावं लागतं, तेही आठ-दहा खेळाडूंच्या ढिगाऱ्यात डोकावून. म्हणून या खेळात पंचांच्या ढिलाईवर जितके वाद होतात, त्यातले बरेचसे याच नियमाभोवती फिरतात.

चाहत्यांचे दोन पक्ष

अशा सामन्यानंतर वाद कसा रंगतो बघा. जिंकलेल्या संघाचे चाहते म्हणतात, "अहो, संपूर्ण सामन्यात पंच कितीतरी निर्णय देतात. आमच्या विरुद्धही काही चुकलेच असतील. शेवटचा एकच धरून का बसता? आणि शेवटच्या क्षणी निकाल खेळाडूंनी ठरवावा, शिट्टीने नव्हे."

हरलेल्या संघाचे चाहते म्हणतात, "पहिल्या मिनिटाला जो नियम, तोच शेवटच्या मिनिटाला. घड्याळ बघून नियम सैल होत असेल तर तो नियम कसला?"

पहिल्या पक्षाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. ॲडलेडने आधीच्या मिनिटांमध्ये एक गोल जास्त केला असता तर ही वेळ आली नसती, हेही खरंच. पण 'शिट्टीने निकाल ठरवू नये' या वाक्यात एक गफलत आहे. शिट्टी न वाजवल्यानेही निकाल ठरतोच! पंच गप्प राहिले तर ते बाजूला झाले असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्या गप्प राहण्याचा फायदा ज्याने नियम मोडला त्याला मिळतो.

हे फक्त एका खेळात घडतं असं नाही. टोबियास मॉस्कोविट्झ आणि जॉन वर्थाइम यांनी २०११ च्या 'स्कोअरकास्टिंग' या पुस्तकात अमेरिकेतल्या खेळांची आकडेवारी तपासली. सामना अटीतटीचा असेल आणि शेवट जवळ आला असेल, तर पंच स्वतःच्या अंदाजावर अवलंबून असलेले फाऊल कमी देतात, असं त्यांना आढळलं. कारण साधं आहे. चुकीची शिट्टी वाजवली तर लोक पंचाला दोष देतात. वाजवलीच नाही तर तितका दोष येत नाही. माणसाचा स्वभावच आहे तो, काही करून चुकण्यापेक्षा न करता चुकणं त्याला सोपं वाटतं.

मग ढिलाई वाईटच का?

नाही हं, इथे घाई नको. प्रत्येक धक्क्याला शिट्टी वाजली तर खेळ दोन पावलंही पुढे सरकणार नाही. थोडं सोडून द्यावंच लागतं. प्रश्न इतकाच, की जे सोडलं ते दोन्ही संघांना आणि चारही सत्रांमध्ये सारखंच सोडलं का?

एएफएललाही हा प्रश्न टाळता आला नाही. खेळाडूंना चेंडू सोडायला फारच वेळ दिला जातो, अशी तक्रार वाढली. त्यावर मे २०२४ मध्ये, हंगाम चालू असतानाच, पंचांना सांगण्यात आलं की हा वेळ कमी करा, शिट्टी लवकर वाजवा. मग दुसरा वाद सुरू झाला, की निम्मा हंगाम एका मापाने आणि उरलेला दुसऱ्या मापाने का? म्हणजे बघा, ढिलाई चुकली तरी वाद आणि सुधारणा अवेळी केली तरीही वाद.

अंतिम सामनेही यातून सुटत नाहीत. २०१८ च्या अंतिम सामन्यात वेस्ट कोस्टने कॉलिंगवूडला ७९–७४ असं हरवलं. डॉम शीडने मैदानाच्या कडेजवळून मारलेला शेवटचा गोल अप्रतिम होता. पण त्याच्या आधी विली रिओलीने कॉलिंगवूडच्या ब्रेडन मेनार्डला अडवलं, तिथे फ्री किक हवी होती का, यावर चाहत्यांचा वाद झालाच.

वाद घाला, पण पंचाला जगू द्या

ॲडलेडच्या चाहत्यांची जखम आणखी खोल होती. आदल्याच वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, बेन कीजने मारलेला चेंडू खांबाला लागला असं गोलपंचाने ठरवलं. चित्रीकरणात तो गोल असल्याचं दिसलं. ॲडलेड सिडनीकडून १ गुणाने हरलं आणि त्यांच्या पुढच्या फेरीच्या आशा मावळल्या. दुसऱ्या दिवशी एएफएलने चूक कबूल केली. निकाल मात्र तोच राहिला. असं लागोपाठ दोन वर्षं झालं तर राग येणारच.

पण रागाची दुसरी बाजूही मुलांना सांगा. ऑस्ट्रेलियात गावोगावच्या आणि लहान मुलांच्या सामन्यांना पंच मिळेनासे झाले होते. शिव्या खायला कोण येणार? लहान मुलांच्या सामन्यांत तर पुष्कळदा पंचही शाळकरी वयाचेच असतात. म्हणून २०२२ पासून एएफएलने पंचांशी हुज्जत घालण्यावर कडक भूमिका घेतली. निर्णयावर नाराजी म्हणून खेळाडूने हात पसरले तरी ५० मीटरचा दंड होऊ लागला. 'निर्णय चुकला' म्हणणं वेगळं आणि 'पंच विकला गेला' म्हणणं वेगळं. पहिल्यातून नियम सुधारतो, दुसऱ्यातून पंच घरी बसतो. पालकहो, तालुका स्तरावरच्या कबड्डी-खोखोच्या सामन्यात मैदानाच्या कडेला उभे असताना आपण यातलं कोणतं वाक्य बोलतो? मुलं ऐकत असतात.

वर्गात कसं घ्याल?

हा प्रसंग तिसरी-चौथीच्या मुलांना गोष्टीसारखा सांगा. मैदानाचं चित्र फळ्यावर काढा. मग दोन गट करून एकाला एसेंडन, दुसऱ्याला ॲडलेड करा आणि हे चार प्रश्न द्या :

१. नियम काय आहे? तुमच्या शब्दांत सांगा.
२. पंच उभे होते तिथून त्यांना काय दिसलं असेल?
३. हाच निर्णय तुमच्या संघाविरुद्ध असता तर तुम्ही हेच म्हणाला असतात का?
४. चूक नंतर कळली, तर आता काय करता येईल?

दहा मिनिटांनी गटांच्या बाजू बदला. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा आपोआप बदलायला लागतं आणि मुलं स्वतःशीच हसतात. खरा पाठ तिथे होतो.

शेवटी आपल्याबद्दल. वर्गात शिट्टी आपल्याच हातात असते. हुशार मुलाची अर्धवट वही आपण 'असू दे' म्हणून सोडतो, मागच्या बाकावरच्याला मात्र तेवढ्यासाठीच उभं करतो. सवलत जरूर द्या, ती द्यावीच लागते. फक्त ती कुणाला आणि का दिली, हे सगळ्या वर्गाला सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल, तर "त्याला सोडलं, मग मला का नाही?" विचारणारं मूल बरोबर आहे.

हा पाठ तुमच्या वर्गात घेतलात तर मुलांनी काय उत्तरं दिली ते जरूर कळवा.