‘शुद्धीत नव्हता’ म्हणण्याआधी

‘माणूस वाईट नाही हो, दारू पोटात गेली की हात उचलतो.’ नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला हे सासरी ऐकावं लागतं आणि माहेरीही. जणू मारते ती दारूच.

दारू मेंदूला चेतवत नाही, मंद करते. स्वतःला आवरायला लावणारा कपाळामागचा भाग लवकर सैल पडतो, म्हणून माणूस बडबडतो, चिडतो. पण हात कुणावर टाकायचा, हे दारू ठरवत नाही. हवालदारासमोर नरमणारा तोच माणूस घरी येऊन बायकोला मारतो. १९७५ साली अमेरिकेत अॅलन लँग आणि सहकाऱ्यांनी काही पुरुषांना व्होडका मिसळलेलं टॉनिक वॉटर दिलं, काहींना नुसतंच, आणि दोन्हींतल्या निम्म्यांना मुद्दाम उलट सांगितलं. आपण दारू प्यायलोय असं ज्यांना वाटलं, ते प्रयोगात समोरच्याला द्यायचा विजेचा झटका जास्त तीव्र निवडत होते. मग पेल्यात दारू असो वा नसो. पुढच्या अभ्यासांत दारूचा स्वतःचा परिणामही दिसला, तो नाकारता येत नाही. पण ‘प्यायल्यावर चालायचंच’ ही सूट आपण देतो. कायदा देत नाही. स्वखुशीने केलेली नशा ही सबब जुन्या दंड संहितेत चालत नव्हती, नव्या न्याय संहितेतही चालत नाही.

‘रात्रीचं काही आठवत नाही’ हे मात्र दर वेळी ढोंग नसतं. भराभर प्यायल्यावर मेंदूत नव्या आठवणींची नोंदच थांबते, आणि तेव्हाही माणूस बोलतो, भांडतो, गाडी चालवतो. आज आठवत नाही म्हणून काल कळत नव्हतं, असं होत नाही.

लिंबू किंवा कॉफीने चढलेली उतरते, हाही गैरसमजच. यकृत आपल्याच गतीने काम करतं.

सगळ्यात घातक समज शेवटचा: मनात आणलं तर आजपासून बंद. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, अंग थरथरतं, घरची माणसं ओळखू येत नाहीत. घरच्यांना भूतबाधा वाटते आणि मोलाचे तास देवऋषीकडे जातात. हा जीवघेणा आजार आहे, त्याला तातडीने रुग्णालयच हवं. माळ जरूर घालावी, शपथही घ्यावी. पण त्याआधी डॉक्टरांना गाठावं. योग्य औषधं वेळेवर सुरू झाली, तर हा धोका बराच टळतो.