लंडनची परवडणारी पंगत

लंडनला नव्याने आलेल्या मराठी विद्यार्थ्याचा पहिला महिना बहुधा सुपरमार्केटमधल्या थंड सँडविचवर जातो. प्रत्येक पौंडाचे मनातल्या मनात रुपये करण्याची सवय सुटलेली नसते. मग एखाद्या शनिवारी मित्रांबरोबर लेस्टर स्क्वेअरच्या आसपास जेवणे होते, बिल पाहून पोटात गोळा येतो आणि या शहरात जेवण महागही आहे व बेचवही आहे, असा निष्कर्ष निघतो. सुटीवर आलेल्या आईवडिलांनाही तोच अनुभव येतो आणि ते उरलेले दिवस मुलाच्या खोलीतल्या कुकरच्या भरवशावर काढतात. निष्कर्षाचा पहिला भाग अर्धाच खरा आहे, दुसरा मात्र साफ चुकीचा. जगातल्या इतक्या देशांचे घरगुती जेवण एका शहरात, एका बसभाड्याच्या अंतरावर मिळावे, असे युरोपात दुसरे ठिकाण सहजी सापडणार नाही. चूक होते ती जागा निवडण्यात.

पर्यटकांच्या रस्त्यावरचे उपाहारगृह एकदाच येणाऱ्या गिऱ्हाइकावर चालते. तो पुन्हा येणार नाही हे मालकाला ठाऊक असते, आणि भाडे तर डोळे पांढरे करणारे असते. याउलट एखादा समाज जिथे स्वतःच्या माणसांसाठी रांधतो, तिथे आठवड्यातून तीनदा येणारे गिऱ्हाईक असते. आमटी पातळ झाली तर ते तोंडावर सांगते, भाव वाढला तर भुवया उंचावते. घरची माणसे राबतात आणि जागा मध्यवर्ती भागापासून थोडी दूर असते. म्हणून लंडनमधल्या स्वस्त आणि चांगल्या जेवणाचा नकाशा हा प्रत्यक्षात कोण, केव्हा आणि का या शहरात येऊन राहिले याचा नकाशा आहे. एका माणसाचे पोटभर जेवण पंधरा पौंडांच्या आसपास आटोपावे, हा परवडण्याचा हिशेब धरला, तर तो नकाशा हाती घेणे सर्वांत शहाणपणाचे.

याचा सर्वांत बोलका पुरावा पूर्व लंडनमधल्या ब्रिक लेनवर उभा आहे. तिथली एक इमारत १७४३ मध्ये फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रोटेस्टंट विणकरांनी प्रार्थनामंदिर म्हणून बांधली. पुढे ती मेथॉडिस्टांकडे गेली, १८९८ मध्ये ज्यूंचे सिनेगॉग झाली आणि १९७६ पासून ती मशीद आहे. माणसे बदलत गेली तशा चुलीही बदलल्या, परंतु जुन्या चुली सगळ्याच विझल्या नाहीत. ज्यू वस्तीची आठवण सांगणारी 'बेगल बेक' ही बेकरी आजही रात्रंदिवस उघडी असते. उकळत्या पाण्यातून काढून मग भाजलेला तिथला साधा बेगल मध्य लंडनमधल्या चहाच्या कपापेक्षा स्वस्त पडतो. खारवलेल्या गोमांसाचा बेगल ही तिथली ख्याती. ते वर्ज्य असणाऱ्यांनी क्रीम चीजचा मागावा. रस्त्यावरच्या बांगलादेशी 'करी हाउस'च्या दारात उभे राहून हाका मारणाऱ्यांकडे मात्र दुर्लक्ष केलेले बरे. ज्याला गिऱ्हाइकाला ओढून आणावे लागते, त्याच्याकडे शेजारीपाजारी जेवत नाहीत हे उघड आहे. त्याऐवजी दहा मिनिटे चालून व्हाइटचॅपलच्या फील्डगेट स्ट्रीटवरील 'तय्यब्स' गाठावे. १९७२ पासून चाललेले हे पंजाबी उपाहारगृह भट्टीवरच्या चॉप्ससाठी नावाजलेले आहे. रांग असते, गोंगाट असतो, पण मांसाहारी मंडळींना तक्रारीला जागा उरत नाही.

उत्तरेकडे हॅरिंगेच्या ग्रीन लेन्सवर आणि डाल्स्टनमध्ये तुर्की, कुर्द आणि सायप्रसच्या लोकांनी बस्तान बसवले. १९७४ मध्ये सायप्रस दुभंगला, त्यानंतर ही वस्ती वाढली. इथल्या उपाहारगृहांच्या पाट्यांवर 'ओजाकबाशी' हा शब्द दिसतो. त्याचा अर्थ चुलीशेजारी. दर्शनी भागातच तांब्याच्या धुराड्याखाली निखारे फुललेले असतात आणि गिऱ्हाईक त्यांच्या कडेला बसून जेवते. मागवलेला पदार्थ येण्याआधी गरम पाव, कोशिंबीर आणि डाळिंबाच्या आंबटगोड रसात घोळलेला भाजका कांदा बहुतेक ठिकाणी फुकट येतो. म्हणून दोघांनी मिळून एकच मोठे ताट मागवणे हा इथला शहाणपणा. शाकाहाऱ्यांना मसुराचे सूप, तेलात मुरलेले भरले वांगे आणि पालक-चीजचे सारण घालून तव्यावर भाजलेले 'ग्योझलेमे' मिळते. हा पदार्थ पातळ पराठ्याचा सख्खा चुलतभाऊ शोभावा. सूप मांसाच्या रश्शात शिजवले आहे का, एवढे मात्र विचारून घ्यावे.

असे विचारण्याची गरज किंग्जलँड रोडवर अधिक पडते. १९७५ मध्ये सायगाव पडल्यानंतर होड्यांतून निघालेले व्हिएतनामी निर्वासित हाँगकाँगच्या छावण्यांतून ब्रिटनमध्ये आले आणि त्यांच्यातल्या काहींनी या रस्त्यावर 'फो' या नूडल्सच्या रश्शाची दुकाने थाटली. 'साँग क्वे' हे त्यांतले जुने नाव. हिवाळ्यातल्या ओल्या संध्याकाळी त्या वाफाळत्या वाडग्याइतके औषध नाही. परंतु 'फो' नुसते मागितले की रस्सा बहुधा गोमांसाचा येतो. कोंबडीचा हवा असेल तर 'फो गा' म्हणावे लागते. शाकाहाऱ्यांपुढची अडचण अधिक छुपी आहे, कारण माशांपासून केलेला खारट रस या स्वयंपाकात आपल्याकडच्या मिठासारखा वापरतात आणि वरवर भाजीच्या दिसणाऱ्या पदार्थातही तो असतो. सुटकेचा शब्द मराठी माणसाच्या जिभेवर आधीच आहे. व्हिएतनामी भाषेत निरामिष जेवणाला 'चाय' म्हणतात. चिनी जेवणातही हीच सावधगिरी हवी, तिथे कालवांचा सॉस हिरव्या भाज्यांवर सर्रास पडतो.

मराठी कुटुंबाने, त्यातही शाकाहारी कुटुंबाने, लंडनमध्ये एकच परदेशी जेवण चाखायचे ठरवले तर ते इथिओपियाचे असावे. ही शिफारस अनेकांना अनपेक्षित वाटते, कारण त्या देशाचे नाव भारतीयांच्या मनात दुष्काळाच्या चित्रांशी जोडले गेले आहे. वस्तुतः इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत बुधवार आणि शुक्रवार हे उपवासाचे वार आहेत, शिवाय ईस्टरपूर्वीचा दीर्घ उपवासही आहे. या दिवसांत मांसच नव्हे, तर दूध, लोणी आणि अंडीही वर्ज्य असतात. वर्षाचे इतके दिवस निव्वळ धान्ये, डाळी आणि भाज्यांवर काढणाऱ्या समाजाने त्या डाळी-भाज्यांची कला केली नसती तरच नवल. उपवासाचे हे ताट लंडनमधल्या इथिओपियन उपाहारगृहांत सहसा रोज मिळते. 'उपवासाचे' किंवा 'व्हीगन' ताट एवढे म्हटले की पुरते.

ताट म्हणजे शब्दशः एकच ताट, चौघांत एक. खाली 'इंजेरा' अंथरलेला असतो. टेफ नावाच्या, राजगिऱ्याहूनही बारीक धान्याचे पीठ दोन-तीन दिवस आंबवून केलेले हे मोठे, जाळीदार, मऊ धिरडे. कोकणातल्या माणसाला आंबोळी आठवेल, फक्त आंबटपणा अधिक. त्यावर वाढलेल्या पदार्थांत तिखट मसुराची आमटी असते, हळदीतली कोबी-बटाट्याची भाजी असते, पालेभाजी असते, आणि मधोमध 'शिरो' असतो. नावावर जाऊ नये, हा गोड नव्हे. हरभऱ्याच्या वा तत्सम कडधान्याच्या पिठाचे, कांदा-लसणीच्या फोडणीचे ते चक्क पिठले आहे. सोलापूरच्या माणसाला डोळे मिटून खायला दिले तर तो भाकरी मागेल. काटे-चमचे नसतात, उजव्या हाताने इंजेराचा तुकडा मोडून घास उचलायचा. स्नेह दाखवण्यासाठी शेजारच्याला स्वतःच्या हाताने घास भरवण्याची तिथे रीत आहे. लग्नातल्या उखाण्यांच्या पंगतीची आठवण झालेल्यांना ही परकी वाटणार नाही. शेवटी कॉफीच्या बिया समोर भाजून, मातीच्या सुरईतून कॉफी ओततात आणि तिच्याबरोबर लाह्या देतात. टफ्नेल पार्कचे 'लालिबेला' हे यांतले जुने ठिकाण. केंटिश टाउन आणि ब्रिक्स्टन भागांतही अशी ठिकाणे आहेत. गडबडीत असलेल्याने मात्र तिथे जाऊ नये. स्वयंपाक सावकाश होतो आणि वाढपही सावकाश.

इतर वस्त्यांचा उल्लेख धावता करावा लागेल. नैर्ऋत्येला न्यू माल्डन इथे कोरियन लोकांची मोठी वस्ती आहे, स्टॉकवेलला पोर्तुगीजांची, पेकमला नायजेरियन लोकांची. तीन्हीकडे शाकाहाऱ्यांनी फार अपेक्षा ठेवू नयेत. घरची चव हवी असेल तर टूटिंग आणि ईस्ट हॅममध्ये दाक्षिणात्य व श्रीलंकन तमिळांचे डोसे, वेम्बलीच्या ईलिंग रोडवर गुजराती फरसाण, आणि हाउन्स्लोला दोन मुंबईकर मित्रांनी २०१० मध्ये सुरू केलेला 'श्रीकृष्ण वडापाव' आहेच. एरवी विमानतळावरून परतताना हाउन्स्लोला उतरण्याचे दुसरे कारण क्वचितच सापडते.

ठिकाण बरोबर निवडले तरी बिल वाचता आले पाहिजे. जेवणावरचा वीस टक्के व्हॅट पत्रिकेतल्या किमतीत धरलेलाच असतो. मात्र थंड पदार्थ बांधून नेला तर बहुधा त्यावर कर लागत नाही, बसून खाल्ला तर लागतो. 'इथे खाणार की नेणार' हा प्रश्न काउंटरवर त्यासाठीच विचारतात. बिलाच्या तळाशी साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज अनेकदा आधीच लावलेला असतो. तो 'ऐच्छिक' असे लिहिलेले असेल तर सेवा न आवडल्यास काढून टाकायला सांगता येते, त्यात संकोचण्यासारखे काही नाही. ऑक्टोबर २०२४ पासून लागू असलेल्या कायद्याने हे पैसे पूर्णपणे कर्मचाऱ्यांनाच दिले पाहिजेत, म्हणून सेवा चांगली असेल तर ते आनंदाने द्यावेत, पण वर पुन्हा टिप ठेवू नये. मद्यविक्रीचा परवाना असलेल्या उपाहारगृहाने मागितल्यास नळाचे पाणी फुकट देणे बंधनकारक आहे. 'टॅप वॉटर' असे स्पष्ट म्हटले नाही तर बाटली उघडली जाते आणि चौघांचे चार-पाच पौंड तिथेच जातात. दारावर शून्य ते पाच अंकांची स्वच्छतेची हिरवी-काळी पट्टी दिसते. इंग्लंडमध्ये ती लावण्याची सक्ती नाही, त्यामुळे ती नसेल तर फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या संकेतस्थळावर त्या दुकानाचा अंक पाहून घ्यावा. बसने जाणाऱ्यांना एका तासात कितीही बस बदलल्या तरी भाडे एकदाच पडते, म्हणून दूरच्या उपनगरातले जेवण येण्याजाण्याच्या खर्चाने महाग होत नाही.

ज्या कारणांनी ही ठिकाणे स्वस्त राहिली, तीच त्यांच्या मुळावर येत आहेत. कमी भाड्याची जागा फार काळ कमी भाड्याची राहत नाही. एलिफंट अँड कॅसलचे १९६५ मध्ये उघडलेले खरेदी-संकुल लॅटिन अमेरिकी लोकांचे माहेरघर झाले होते. कोलंबियाची 'अरेपा', म्हणजे मक्याची जाडसर भाकरी, खावी तर तिथेच, असे म्हणत. सप्टेंबर २०२० मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झाले आणि नंतर पाडले गेले. काही दुकानदारांना जवळच 'कॅसल स्क्वेअर'मध्ये गाळे मिळाले, सर्वांना मिळाले नाहीत. स्ट्रँडवरचा 'इंडिया क्लब' भारतीयांना अधिक जवळचा. इंडिया लीगच्या पुढाकाराने १९५१ मध्ये सुरू झालेल्या आणि कृष्ण मेनन यांचे नाव ज्याच्याशी जोडलेले आहे अशा या जागेत, जिना चढून गेल्यावर, डोसा आणि कॉफी साध्या टेबलांवर मिळत असे. सप्टेंबर २०२३ मध्ये तोही बंद झाला. शेवटच्या दिवसांत बाहेर लांबच लांब रांगा लागल्या होत्या. त्या रांगांतले किती जण आधीच्या दहा वर्षांत तिथे जेवायला गेले होते, हा प्रश्न कडवट असला तरी रास्त आहे.

युस्टन स्थानकाच्या पाठीमागची ड्रमंड स्ट्रीट सध्या त्याच उंबरठ्यावर आहे. 'अंबाला' मिठाईवाल्यांचे पहिले दुकान १९६५ मध्ये इथेच निघाले. १९७० च्या दशकाच्या आरंभी 'दिवाणा भेळपुरी हाउस' आले आणि पाठोपाठ आणखी शाकाहारी उपाहारगृहे. दुपारचा बुफे ही या गल्लीची जुनी ओळख. परंतु एचएस-२ या द्रुतगती रेल्वेच्या कामासाठी आजूबाजूची घरे आणि हॉटेले पाडली गेली, रस्ते बंद झाले, आणि २०२३ मध्ये खर्च वाढल्यामुळे युस्टनचे कामच थांबवले गेले. गिऱ्हाईक तुटले ते तुटलेच, असे तिथले दुकानदार अनेक वर्षे सांगत आहेत.

भारतातून येणारी बहुतेक मराठी मंडळी प्रिमरोझ हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडवरील डॉ. आंबेडकरांचे निवासस्थान पाहायला जातात. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घेतलेले ते घर पाहून झाल्यावर दुपारचे जेवण कुठे करायचे, असा प्रश्न तिथेच फुटपाथवर उभे राहून पडतो. चॉक फार्म स्थानकावरून नॉर्दर्न लाइनने युस्टन काही मिनिटांवर आहे. स्थानकाच्या पश्चिमेकडच्या दाराने बाहेर पडावे, बांधकामाचे कुंपण लागले तरी मागे फिरू नये. गल्ली त्याच्या पलीकडेच आहे.